'ॲरोस्मिथ' : प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्यातील अंतर

सिंक्लेअर लुईस यांची 'ॲरोस्मिथ' ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीय संशोधकाला नायकपद देणारी इंग्रजीतील ही पहिली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. १९२६ साली तिला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले, ते लुईस यांनी नाकारले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र त्यांनी स्वीकारले. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ही कादंबरी वाचली आणि तिच्या प्रभावाने संशोधनाकडे वळल्याचे अनेकांनी पुढे नमूद केले. एखाद्या व्यवसायाने स्वतःवरील इतक्या कठोर उपरोधाला आपला प्रेरणाग्रंथ मानावे, ही घटनाच विचार करायला लावणारी आहे. या कादंबरीविषयीचा रूढ अभिप्राय असा की, ती बाजारू वैद्यकाच्या विरोधात शुद्ध विज्ञानाची बाजू घेते. हा अभिप्राय चुकीचा नाही. परंतु तो कादंबरीने स्वतःविषयी जे सांगितले तेवढेच मान्य करतो. वैद्यकातील ज्ञान जेथे प्रत्यक्षात घडते, त्या विद्यापीठीय रुग्णालयाला ही कादंबरी जवळजवळ वळसा घालून जाते, आणि त्या वळशाची किंमत तिला सर्वांत चांगल्या प्रकरणांत मोजावी लागते.

कादंबरीच्या जन्मकाळी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण मुळापासून बदलत होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि शिकवणीवर्गांच्या पातळीवर चालणारी अनेक खाजगी वैद्यकीय विद्यालये पुढील काही वर्षांत बंद पडली. जॉन्स हॉपकिन्स हे विद्यापीठ त्या अहवालाचा आदर्श होते. तेथे १९१३ साली रॉकफेलर यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जनरल एज्युकेशन बोर्डाने १५ लाख डॉलर दिले, ते एका अटीवर : औषधवैद्यक, शल्यचिकित्सा आणि बालरोग या विभागांतील प्राध्यापक पूर्णवेळ असावेत आणि खाजगी रुग्णांचे शुल्क त्यांनी स्वतःसाठी घेऊ नये. या योजनेला विरोध करणाऱ्यांत खुद्द विल्यम ऑस्लर होते. हॉपकिन्सच्या रुग्णालयात विद्यार्थ्यांना रुग्णशय्येपाशी उभे करून शिकविण्याची प्रथा ज्यांनी रुजविली, त्या ऑस्लर यांना १९११ साली अशी भीती वाटत होती की, पूर्णवेळ संशोधक-प्राध्यापकांची नवी जात रुग्णाला विसरेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, धनिकांच्या घरी फेऱ्या मारणारा प्राध्यापक विज्ञानाला विसरलाच आहे. दोन्ही पक्षांत तथ्य होते. मुंबईसारख्या शहरात मानसेवी आणि पूर्णवेळ अध्यापकांवरून झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा पेच परका वाटणार नाही.

लुईस यांना या वादाची माहिती पुरविली ती पॉल द क्रायफ या जीवाणुशास्त्रज्ञाने. द क्रायफ हे मिशिगन विद्यापीठात फ्रेडरिक नोव्ही यांच्या हाताखाली शिकले, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले आणि अमेरिकन वैद्यकावर उपहासात्मक लेखन केल्यामुळे १९२२ साली त्यांना संस्था सोडावी लागली. १९२३ साली ते लुईस यांच्यासह कॅरिबियन समुद्रात फिरून आले. कादंबरीच्या स्वामित्वशुल्कातील चौथा हिस्सा त्यांना मिळाला. मुखपृष्ठावर मात्र त्यांचे नाव आले नाही. प्रयोगशाळेतील बारकावे त्यांचेच आहेत, आणि तेथील राग-लोभही बऱ्याच अंशी त्यांचेच असावेत. कादंबरीतील मॅक्स गॉटलिब या वृद्ध जर्मन-ज्यू शास्त्रज्ञात नोव्ही यांची शिस्त आणि रॉकफेलर संस्थेतील जाक लोब यांची तत्त्वनिष्ठा एकत्र आली आहे. वैद्यक आणि विज्ञान यांची सरमिसळ लोब यांना मुळीच रुचत नसे. द क्रायफ यांनी ही अरुची गुरुमंत्रासारखी घेतली आणि कादंबरीला दिली.

मार्टिन ॲरोस्मिथची कारकीर्द ही बदल्यांची आणि पलायनांची मालिका आहे. विनेमॅक या काल्पनिक राज्यातील विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण, झेनिथ येथील सार्वजनिक रुग्णालयात आंतरवासिता, नॉर्थ डकोटातील खेड्यात वैद्यकी, नॉटिलस या गावी आरोग्य खाते, शिकागोतील राउन्सफील्ड क्लिनिक, न्यूयॉर्कची मॅक्गर्क संस्था आणि शेवटी व्हर्मोंटच्या जंगलातील झोपडी. प्रत्येक ठिकाणी लुईस यांचा उपरोध तेथील ढोंग नेमके पकडतो. कान-नाक-घशाचा प्राध्यापक रॉस्को गीक अध्यापन सोडून वैद्यकीय उपकरणे व फर्निचर विकणाऱ्या कंपनीत जातो आणि दवाखान्याची बैठक कशी सजवावी यावर विद्यार्थ्यांना व्याख्यान देतो, हा प्रसंग आजही हसवितो. नॉटिलसचा आरोग्याधिकारी पिकरबॉ रोगांवर कविता करून निवडणूक जिंकतो. अशा पात्रांना खोली नाही, आणि ती असण्याची अपेक्षाही नाही.

परंतु विनेमॅकमधील दोन पात्रे या वर्गातील नाहीत. एक गॉटलिब, दुसरा अधिष्ठाता सिल्वा. सिल्वा हा ऑस्लर यांना मानणारा, अचूक रोगनिदान आणि रुग्णाविषयीची सहानुभूती यांवर श्रद्धा असलेला चिकित्सक आहे. गॉटलिबपासून दुरावल्यानंतर मार्टिन काही काळ सिल्वाचा भक्त होतो. लुईस यांनी सिल्वाला विदूषक केले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. तथापि सिल्वा संशोधन करीत नाही आणि गॉटलिब रुग्ण पाहत नाही. एका मनुष्याच्या दोन अर्धांना दोन खोल्यांत बसवावे तशी ही योजना आहे. हे दोघे एकमेकांशी बोलतील, एखाद्या रुग्णावरून त्यांच्यात मतभेद होतील, असा प्रसंग वाचक शोधत राहतो; तो येत नाही. त्याऐवजी येते ती गॉटलिबची राजकीय चूक. वैद्यकीय विद्यालयाचे रूपांतर संशोधनसंस्थेत करावे, त्यासाठी सिल्वाला अधिष्ठातापदावरून बाजूला सारावे, असा प्रस्ताव घेऊन तो थेट विद्यापीठाच्या अध्यक्षाकडे जातो आणि नोकरी गमावतो. लुईस यांची सहानुभूती येथे पूर्णपणे गॉटलिबकडे आहे. तरीही प्रसंग बारकाईने वाचला तर असे दिसते की, शिकवणाऱ्या आणि बरे करणाऱ्या माणसाला हटविल्याशिवाय विज्ञानाला जागा होणार नाही, हे गॉटलिबचे गृहीतक कादंबरीने कोठेच तपासलेले नाही. नोकरी गेल्यावर तो एका औषध कंपनीत जातो. त्याच्या अपुऱ्या तपासलेल्या प्रतिविषाची विक्री करण्याची मालकाला घाई आहे. हा भाग आज अधिकच खरा वाटतो.

मॅक्गर्क संस्थेतील प्रकरणे म्हणजे संस्थात्मक जीवनाच्या उपरोधाचा उत्कृष्ट नमुना होय. मार्टिनला जीवाणूंचा नाश करणारे एक अज्ञात तत्त्व सापडते. संचालक टब्स त्याला विभागप्रमुखपदाचे आमिष दाखवितो आणि निष्कर्ष लगेच प्रसिद्ध करण्याचा लकडा लावतो. गॉटलिबच्या शिस्तीत वाढलेला मार्टिन पुन्हा पुन्हा पडताळणी करीत राहतो. तेवढ्यात पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील देरेल यांनी हेच तत्त्व जीवाणुभक्षक या नावाने प्रसिद्ध केल्याचे कळते आणि देऊ केलेले पद हवेत विरते. देरेल हे खरे शास्त्रज्ञ; त्यांचा निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला होता. काल्पनिक नायकाला खऱ्या शास्त्रज्ञाने हरवावे, ही योजना धाडसी आहे. घाई करणारा संचालक व्यवहारात बरोबर ठरतो आणि तत्त्वात चूक राहतो, ही गुंतागुंत लुईस यांनी न सोडवता तशीच ठेवली, हे विशेष. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ नंतर अध्यापकांच्या पदोन्नतीला शोधनिबंधांची अट जोडली आणि २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अन्य विद्याशाखांत गुणांकनाची पद्धत आणली. त्यानंतर टब्स हे पात्र आपल्याकडील वाचकाला अमेरिकन वाचकापेक्षाही जवळचे वाटावे. फरक एवढाच की, टब्सकडे मोजण्यासाठी निदान शोध तरी होता.

कादंबरीचा गाभा मात्र सेंट ह्यूबर्ट या काल्पनिक कॅरिबियन बेटावर आहे. तेथे प्लेग पसरतो. मार्टिनकडे प्लेगच्या जंतूंवर चालणारा जीवाणुभक्षक आहे; तो माणसांत उपयोगी पडतो की नाही हे कोणालाच माहीत नाही. निघण्यापूर्वी गॉटलिब त्याच्याकडून वचन घेतो : निम्म्या लोकांना तो टोचायचा, निम्म्यांना टोचायचा नाही, आणि दया आली तरी हा नियम मोडायचा नाही. त्याच्याबरोबर गेलेला प्लेगयोद्धा सोंडेलियस या विभागणीला विरोध करतो. सर्वांना मिळाल्याशिवाय स्वतः घेणार नाही असे ठरवितो आणि प्लेगने मरतो. मार्टिनची पत्नी लिओरा प्रयोगशाळेतील जंतू सांडलेली अर्धवट सिगारेट ओढल्यामुळे दगावते. दुःखाने खचलेला मार्टिन राजधानीत मागेल त्याला जीवाणुभक्षक देऊ लागतो.

समीक्षेत हा प्रसंग सामान्यतः 'नायकाचे स्खलन' म्हणून वाचला जातो. मार्टिनही तो तसाच वाचतो; परतल्यावर गॉटलिबपुढे कबुली द्यायला जातो, तर गॉटलिबची बुद्धी वार्धक्याने हरपलेली असते. येथे एक तपशील बहुधा दुर्लक्षिला जातो. सेंट स्विदिन्स या परगण्यात लोकसंख्येचे दोन समान भाग करून चाललेला प्रयोग मार्टिनने मोडलेला नाही. तो त्याने स्टोक्स या स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपविला. म्हणजे जेथे त्याची पत्नी गेली, जेथे गोऱ्या रहिवाशांची गर्दी होती, तेथे नियम सैल झाला. उसाच्या मळ्यांच्या परगण्यात, जेथील मजूर त्याला नावाने ठाऊक नव्हते, तेथे तो टिकला. कादंबरीने हा विरोधाभास लिहून ठेवला, पण त्याचा अर्थ लावला नाही. 'सन्मानाचा अवशेष' असे त्याचे समर्थन होते. प्रत्यक्षात कोणाचा मृत्यू आकडा म्हणून सहन होतो आणि कोणाचा होत नाही, हा प्रश्न तेथे उघडा पडला आहे.

असा प्रयोग बेटावर, वसाहतीत, मळ्यावर नेऊन ठेवण्याची गरज कादंबरीला का भासली? याचे एक उत्तर इतिहासात आहे. नियंत्रित तुलनेचे पहिले मोठे प्रयोग जेथे माणसे मोजता आणि अडवून ठेवता येत, अशाच जागी झाले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचून न टोचलेल्या कैद्यांशी तुलना केली. कैद्याची स्वेच्छा किती स्वेच्छा असते, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही. देरेल स्वतः १९२७ साली पटकीवर जीवाणुभक्षकाचा प्रयोग करण्यासाठी भारतात आले. त्यानंतर आसाम प्रांतात एका भागात जीवाणुभक्षक वाटून शेजारच्या भागाशी तुलना करण्याचे जे काम झाले, ते तर सेंट स्विदिन्सचे प्रत्यक्षातील रूप म्हणता येईल. कादंबरी आधी, प्रयोग नंतर, असा हा क्रम आहे.

दुसरे उत्तर कादंबरीच्या रचनेत आहे. गॉटलिबची प्रतिज्ञा विद्यापीठीय रुग्णालयातील वॉर्डात आणली असती, तर ती लगेच कोसळली असती किंवा तिला अधिक सूक्ष्म रूप घ्यावे लागले असते. वॉर्डात ज्याला औषध द्यायचे नाही तो रुग्णही त्याच डॉक्टरचा असतो. शेजारी विद्यार्थी उभे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खाटेपाशी पुन्हा यायचे असते. नातेवाईक दारात थांबलेले असतात. त्या परिस्थितीत 'दया की विज्ञान' असा सोपा विकल्प उरत नाही. खरा प्रश्न असा होतो की, हे औषध उपयोगी आहे हे डॉक्टरला खरोखर ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर नाकारणे अपराध आहे. ठाऊक नसेल तर सर्वांना देणे ही दया नसून केवळ कृतीचे समाधान आहे. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांची विभागणी यादृच्छिक अंकांनी केली होती, आणि औषधाचा साठाच अपुरा असल्यामुळे सर्वांना ते देणे शक्य नव्हते हे तिचे एक नैतिक समर्थन होते. पुढे १९८७ साली बेंजामिन फ्रीडमन यांनी मांडले की, तज्ज्ञांच्या समूहात प्रामाणिक अनिश्चितता असेल तोवरच अशी विभागणी न्याय्य ठरते. ही भाषा लुईस यांच्यापाशी नव्हती. परंतु प्रश्न त्यांच्या हातात होता. लिओराच्या मृत्यूने त्यांनी त्याला भावनेच्या मार्गाने वाट करून दिली, त्यामुळे वाचक मार्टिनला क्षमा करतो आणि विचार करण्याचे थांबतो. सोंडेलियसची भूमिका तर्काने लढविण्याची संधीही त्यामुळे गेली. तो हुतात्मा होतो, प्रतिपक्ष होत नाही.

तरीही ही प्रकरणे कादंबरीतील सर्वश्रेष्ठ आहेत, याचे कारण मार्टिन येथे प्रथमच डॉक्टर आणि शास्त्रज्ञ दोन्ही असतो. तो रुग्णांच्या झोपड्यांत जातो आणि नोंदवहीही ठेवतो. त्याने नियम मोडला तो या दोन भूमिका एकाच देहात आल्यामुळे. कादंबरी याला पराभव म्हणते. तिच्या सर्व पलायनांमध्ये हा एकच क्षण पलायनाचा नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल. परतल्यावर होलबर्डसारख्या पदाधिकाऱ्यांना हवा असलेला विजयाचा डांगोरा आणि मार्टिनला माहीत असलेली आकड्यांची दुर्बलता यांतील ताण लुईस यांनी चांगला दाखविला आहे.

लिओराविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. संशोधकाच्या निष्ठेची किंमत घरात कोण मोजते, हे या कादंबरीने तिच्या रूपाने स्पष्ट दाखविले. परंतु मॅक्गर्क संस्थेत महत्त्वाच्या संशोधकाच्या जागी एकही स्त्री तिला कल्पिता आली नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच १९२५ साली जॉन्स हॉपकिन्सच्या पदवीधर फ्लॉरेन्स सेबिन या रॉकफेलर संस्थेच्या पहिल्या स्त्री पूर्ण सदस्य झाल्या. उपरोधकाराची नजर जेथे पोहोचत नाही, तेथे वास्तव कधी कधी त्याच्या पुढे असते.

शेवटी मार्टिन श्रीमंत दुसरी पत्नी, लहान मुलगा आणि देऊ केलेले पद सोडून टेरी विकेट या सहकाऱ्याच्या व्हर्मोंटमधील झोपडीत राहायला जातो. अनेक तरुण वाचकांना हा शेवट मुक्तीचा वाटला. तो काळजीपूर्वक वाचावा. झोपडीतील दोघे संशोधक उदरनिर्वाहासाठी लस-रक्तद्रव तयार करून डॉक्टरांना विकतात. ज्या रुग्णशय्येपासून ते पळाले, तिच्याच पैशावर त्यांची शुद्धता चालते. आणि ज्या डॉक्टरांचा ते उपहास करतात, तेच त्यांचे ग्राहक आहेत. विद्यार्थी कोणी नाही. म्हणजे गॉटलिबने मार्टिनला जे दिले, ते मार्टिन कोणाला देणार नाही. गुरुपरंपरेची एवढी महती गाणारी कादंबरी शिष्य नसलेल्या झोपडीत संपावी, आणि लेखकाला त्याची खंत वाटू नये, हा तिचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ साली रुग्णाधारित संशोधन करणारे चिकित्सक नामशेष होऊ लागल्याचा इशारा दिला होता. ती जात टिकते की नाही हे झोपडीत ठरत नाही, निवासी डॉक्टरच्या वेळापत्रकात आणि प्राध्यापकाला मिळणाऱ्या मोकळ्या दुपारीत ठरते.

द क्रायफ ज्या रॉकफेलर संस्थेतून बाहेर पडले, तिचे स्वतःचे एक छोटे रुग्णालय होते. ते १९१० साली सुरू झाले. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कल्पना मांडाव्यात आणि वॉर्डातील डॉक्टरांनी त्या तपासून द्याव्यात, अशी विभागणी सुचविली जात असता रुग्णालयाचे पहिले संचालक रूफस कोल यांनी ती नाकारली. आपल्या डॉक्टरांना स्वतःच्या प्रयोगशाळा असतील आणि ते स्वतःचे प्रश्न घेऊन काम करतील, असा त्यांनी आग्रह धरला. निवडक रोगांचेच रुग्ण तेथे घेतले जात आणि त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. न्यूमोनिया हा त्यांपैकी एक रोग. ऑस्वाल्ड एव्हरी हे डॉक्टर १९१३ साली त्या रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूमोनियाच्या जंतूचे प्रकार, त्यांची आवरणे, त्यांवरील रक्तद्रव यांच्या मागे तीस वर्षे राहिले. लुईस आणि द क्रायफ कादंबरी रचत होते तेव्हा एव्हरी तेथेच काम करीत होते. मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांच्यासह त्यांचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे त्या निबंधाने दाखविले. गॉटलिबला हवे होते तेवढे शुद्ध विज्ञान न्यूमोनियाच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोल्यांत झाले.